कासवांच्या गावी मी ‘छान’ म्हणालो

जपानहून परत आलो तेव्हापासून सिल्व्हासात जो भेटतो तो विचारतो, "काय गायधनी, कसं काय जपान?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. "स्वच्छता असेल! शिस्त असेल! गाड्या घड्याळ लावून!" होय बाबांनो. स्वच्छता आहे, शिस्त आहे आणि गाडीवर घड्याळ लावावं अशी परिस्थिती आहे. त्यावर आजवर लोकांनी इतकं लिहिलंय की मी आणखी चार ओळी घालून कुणाच्या ज्ञानात भर पडायची नाही. मी तिकडून संतापून आलोय, आणि संताप गार व्हायच्या आत लिहून काढतोय. यातला निम्मा संताप टोकियोच्या एका टायवाल्यावर आहे. उरलेला निम्मा कुणावर, ते ओघात येईलच.

सिल्व्हासा

जपानला जायचं कारण आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पॉलिस्टरच्या धाग्याच्या कारखान्यातला नाशिकचा एक मेंटेनन्स मॅनेजर फुटबॉलच्या भानगडीत कसा पडला हे कुणाला कळायचं नाही.

आमची मशिनं जपानी. ती उभी करून द्यायला मोरी-सान नावाचा तंत्रज्ञ आला होता. सहा महिने राहिला. बोलायचा कमी, जेवायचा त्याहून कमी. केळी आणि ग्लुकोजची बिस्किटं यांवर त्याने आमचा अख्खा प्लांट उभा केला. संध्याकाळी गोडाऊनच्या भिंतीवर एकटाच बॉल मारत बसायचा. हे पाहून आमचा ऑपरेटर हिरामण पाटील, साक्री तालुक्यातला, अस्वस्थ झाला. "साहेब, माणूस भिंतीसंगे खेळून राहिला ना भो. पाहवत नाही." म्हणून तो भिंतीपुढे जाऊन उभा राहिला. म्हणजे गोलकीपर झाला. मशिनं सुरू होईतो फर्स्ट शिफ्ट विरुद्ध सेकंड शिफ्ट अशा दोन टीम झाल्या आणि भात कापून झालं की किलवणीच्या बाजूच्या एका रिकाम्या शेतात सामने व्हायला लागले. मोरी परत गेल्यावर त्याच्या गावाहून एक खोकं आलं. त्यात त्याच्या गावच्या व्यावसायिक क्लबचे जुने शर्ट होते : रंग शेंदरी, छातीवर कासव. हिरामणने शर्ट अंगाला लावून पाहिला आणि म्हणाला, "रंग मारुतीचा, पळनं कासवाचं. आपल्याच मापाचा आहे."

पुढे शेठने यार्नचे भाव कळावेत म्हणून ऑफिसात इंटरनेट घेतलं. मुंबईला एसटीडी लावायचा, मोडेम तापलेल्या कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडणार, मग नशीब असेल तर अक्षरं उमटणार. मी भावांच्या ऐवजी कासवांचा क्लब शोधला. सापडला! आणि त्यात एक इंग्रजी पान होतं. चित्र एक नाही, नुसता मजकूर. म्हणून तर ते सिल्व्हासात उघडायचं. दर सोमवारी त्यावर शनिवारच्या मॅचचा वृत्तान्त यायचा, लिहिणारीचं नाव होशिनो. काय लिहायची ही बाई! ‘आमचा गोलकीपर घसरला. उठून त्याने आधी प्रेक्षकांकडे पाहून मान लववली, मग बॉल आणायला गेला.’ असं कुणी पेपरात लिहितं का?

मी ते छापून घ्यायचो आणि चहाच्या सुट्टीत कँटीनबाहेर वाचून दाखवायचो. थोडं मराठी, थोडं हिंदी, शेठ जवळून गेले तर गुजराती. एकदा हिरामणने विचारलं, "सात नंबरले बाहेर काब्र काढं? चांगला तर खेळून राहिला होता." त्याला का काढलं, हा प्रश्न मी होशिनोबाईंना ईमेलने पाठवला. पुढच्या सोमवारी उत्तर आलं, तेही खुद्द कोचला विचारून : सात नंबरच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं, त्याचं लक्ष नव्हतं. झालं! त्या दिवसापासून अख्खी शिफ्ट कासवांची झाली. सात नंबरला मुलगी झाली तेव्हा आमच्या कँटीनमध्ये पेढे वाटले, साहेब. जपानी माणसाच्या मुलीचे पेढे, दादरा-नगर हवेलीत.

मीही स्वभावाप्रमाणे तक्रारी पाठवत असे. वृत्तान्त लहान आहे. गोलकीपरची फार बाजू घेता. पेनल्टी होती की नव्हती ते नीट लिहीत नाही. बाई प्रत्येक तक्रारीला उत्तर द्यायच्या.

आणि मग त्यांची ईमेल आली. क्लबला पैसा पुरवणारी मोठी कंपनी बाजूला झाली होती. क्लबने आता परदेशांत चाहते मिळवायचे ठरवले होते. त्यासाठी टोकियोची एक जाहिरात कंपनी नेमली होती आणि ती नवं पान बनवत होती. नवं आलं की बाईंचं पान बंद. ‘माझं पान बाहेर कुणाच्या उपयोगाचं आहे हे वरिष्ठांना पटलं,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘तरच ते राहील.’

नेमकं त्याच सुमारास शेठने मला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवायचं काढलं. मशीनची कंपनी मोरीच्याच गावात. निघायच्या दिवशी हिरामण आणि शिफ्टची दहाबारा मंडळी गेटपाशी उभी.

"साहेब, मशीन शिका का नका शिकू," हिरामण म्हणाला, "सोमवारचा कागद तेवढा वाचवून या."

"अरे, तू बघच," मी म्हणालो. "त्या लोकांना असं ऐकवतो की नाव काढतील."

कासवांचं गाव

गाव समुद्राकाठचं. मागे डोंगर, मध्ये भातशेती, पुढे निळं पाणी. आमच्याकडे रांध्याकडून सिल्व्हासाला येताना दिसतात तशीच खाचरं, फक्त बांध असे सरळ की शेतकऱ्याने फूटपट्टी लावून नांगर धरला असावा. घराघरांच्या मध्येच शेत. कापणी झालेली, वाळत्या पेंढ्याचा वास तोच. डोळे मिटले तर किलवणी. उघडले तर कचऱ्याचा एक कपटा नाही.

कपट्यावरून आठवलं. पहिल्याच दिवशी मी रस्त्यात केळं खाल्लं आणि साल टाकायला जागा शोधू लागलो. अख्ख्या गावात कचऱ्याचा डबा नाही! डबा नसताना गाव स्वच्छ कसं, हे कोडं घेऊन दिवसभर मी खिशात साल बाळगून हिंडलो. संध्याकाळी कंपनीच्या संचालकांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला, मी खिशातून हात काढला आणि सालही बाहेर आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी स्वीकारली. व्हिजिटिंग कार्ड घेतात तशी! मी लाजलो, ते वाकले, मी वाकलो, साल त्यांच्याकडेच राहिली.

खाण्याचे हाल काय सांगू? मी शाकाहारी. "मासे नको" म्हटलं की ते समजुतीने मान डोलवायचे आणि माशाच्या पाण्यात शिजवलेली भाजी आणायचे. भाजीत मासा दिसत नाही ना, मग झालं. आईने बांधून दिलेल्या मेतकुटावर आणि तिथल्या सुरेख चिकट भातावर मी तरलो. त्या भाताला मात्र नाव ठेवणार नाही; मेतकूट त्याच्यासाठीच जन्माला आलं असावं.

शनिवारी मोरी मला मॅचला घेऊन गेला. फाटकाशी शेंदरी मफलर घातलेली, माझ्या खांद्याएवढी, चष्म्याची एक बाई उभी होती.

"गायादानी-सान," ती म्हणाली, "पेनल्टीबद्दल तक्रार करणारे."

होशिनो-सान! मी समजत होतो चांगली उंच, करारी बाई असेल. क्लबच्या ऑफिसात त्या एकट्याच इंग्रजीवाल्या. तिकिटंही विकायच्या, शाळांतही जायच्या, आणि रविवारी घरी बसून आमचं पान लिहायच्या.

मॅच आम्ही हरलो. पण काय सांगू तुम्हाला, हरताना लोक गात होते. आमच्याकडे शिफ्टची मॅच हरली की अर्धी टीम पंचाच्या मागे असते. इथे मात्र एका उघड-उघड ऑफसाइडला पंचाने गोल दिला आणि मला राहवलं नाही. मी उभा राहून मराठीत पंचाच्या डोळ्यांचा, घराण्याचा आणि शिट्टीचा उद्धार केला. आजूबाजूचं गाणं थांबलं. ढोल वाजवणाऱ्या एका आजीबाईंनी होशिनोंना काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आजीबाई माझ्याकडे पाहून हात जोडत्या झाल्या.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"पंचांच्या प्रकृतीची यांना काळजी वाटते, असं."

मॅच संपल्यावर खेळाडू रांगेने येऊन प्रेक्षकांपुढे वाकले. सात नंबर आमच्या समोर आला तेव्हा होशिनोंनी त्याला ओरडून काही सांगितलं. तो थबकला, मला शोधलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा वाकला, एकट्या माझ्याकडे. "पेढ्यांबद्दल," होशिनो म्हणाल्या. मी चष्मा पुसायला घेतला. लोक आपापला कचरा पिशव्यांत भरून घरी नेत होते, आणि गावात डबा का नाही हे मला तेव्हा उमगलं.

टायवाला

सोमवारी दुपारी टोकियोच्या त्या जाहिरात कंपनीच्या टायवाल्याने मला नवं पान दाखवलं. वय असेल तिशीचं, केस असे की एकेक स्वतंत्र विंचरलेला. त्याच्या भिंतीवर जगाचा नकाशा, प्रत्येक देशावर एक चित्र. भारतावर हत्ती.

मला सांगा, सिल्व्हासात हत्ती कधी कुणी पाहिलाय? ट्रक पाहिलेत. यार्नचे, केमिकलचे, वापीच्या रस्त्यावर उलटलेले. सात नंबरच्या मुलीचे पेढे वाटणारी माणसं आहेत आमच्याकडे, आणि हा त्यांच्या डोक्यावर हत्ती बसवून मोकळा!

मग पान उघडलं. उघडलं कसलं, उधळलं! डावीकडून एक बॉल घरंगळत आला, कासवाने त्याला लाथ मारली, संगीत वाजलं, खेळाडूंचे चकचकीत फोटो एकामागून एक उलगडले. तिथल्या वेगवान लाइनवर हे सगळं चुटकीसरशी झालं. मॅचचा वृत्तान्त कुठे होता? नव्हता. "लोक वाचत नाहीत," टायवाला म्हणाला. "लोकांना अनुभव हवा असतो."

"आमच्या लाइनवर हा बॉल येईपर्यंत आमचा चहा संपेल," असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी गिळलं. का? कारण दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या पदाधिकाऱ्यांची मीटिंग होती आणि तिला मला खास बोलावलं होतं. मी म्हटलं, दारूगोळा आत्ताच कशाला उडवा? उद्या उडवू, सगळ्यांसमोर.

यात माझी चूक नाही असं मला अजूनही वाटतं; चूक असेल तर आमच्या शेठची. त्यांच्या केबिनमध्ये वाढलेला माणूस मी. आमच्याकडे निर्णय मीटिंगमध्ये जन्माला येतो, तोही आरडाओरड्यातून. जो आधी बोलतो तो मूर्ख, कारण समोरचा तयारी करून येतो. आणि झालेला निर्णयसुद्धा चपला घालताना बदलू शकतो. मी याच विद्यापीठाचा पदवीधर!

ओगावा-सानचं जेवण

त्या संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष ओगावा-सान यांनी जेवायला बोलावलं. गावातले जुने सोया सॉसचे व्यापारी, पांढऱ्या भुवया, बोलणं हळू. मी, मोरी, होशिनो आणि क्लबचे आणखी दोघे. बैठक चटईवर, म्हणजे आपलीच.

ताटं आली आणि मी पाहतच राहिलो. मोरीने सांगितलं : ओगावा-सान यांनी स्वतः स्वयंपाक्याला दोन दिवस आधी बजावलं होतं, आजच्या जेवणात मासा नाही, माशाचं पाणी नाही, माशाची सावली नाही. केवळ माझ्यासाठी. आणि एकट्या माझ्या ताटात वेगळं नव्हतं हो, सगळ्यांनाच तसं. भोपळ्याची भजी, तिळात घोळलेला टोफू, कमळाच्या देठांची भाजी. पंधरवड्यातलं पहिलं पोटभर जेवण. दर घासाला माझ्या तोंडून "वा!" निघत होतं.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा ओगावा-सान माझ्या कपात चहा ओतता ओतता, अगदी सहज, म्हणाले, "गायादानी-सान, आपण नवं पान पाहिलंत. आपल्याकडच्या मंडळींना ते कसं वाटेल?"

होशिनोंचा हात थांबला. मोरीने घसा खाकरला. मला वाटलं भजं अडकलं असेल.

आता पाहा. माझ्या तोंडात भोपळ्याचं भजं. ज्या माणसाने माझ्यासाठी गावच्या समुद्राला एक दिवस सुट्टी दिली, त्याच्याच ताटावर बसून त्याच्या पानाला नावं ठेवू? नाशिकला आमच्या घरी असं केलं असतं तर वडिलांनी ताटावरून उठवलं असतं. शिवाय उद्या मीटिंग होतीच की! मी तोंडभर हसलो आणि म्हणालो,

"छान! फारच छान!"

ओगावा-सान यांनी बराच वेळ मान डोलवली. बाकीच्या दोघांनीही डोलवली. होशिनोंनी काड्या खाली ठेवल्या. मला वाटलं, बारीक चणीची बाई आहे, पोट भरलं असेल.

मीटिंग

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढाल-तलवार बांधून गेलो. माझी पाळी आली आणि मी असा सुटलो की मोरी भाषांतर करताना घामाघूम झाला.

"हे पान तुम्ही कुणासाठी बनवताय?" मी म्हणालो. "परदेशातल्या लोकांसाठी ना? मग ते परदेशात उघडतं का हे कुणी पाहिलं? तुमचा बॉल आमच्याकडे यायला किती वेळ लागतो दाखवू? आता आपण सगळे गप्प बसू. सिल्व्हासात पहिलं चित्र दिसेपर्यंत कुणी बोलायचं नाही."

आणि मी घड्याळाकडे पाहत गप्प बसलो. कल्पना अशी की मिनिटाभरात लोक चुळबुळतील, कंटाळतील, कुणीतरी म्हणेल "बस, कळलं!" आमच्या शेठला अर्धं मिनिट गप्प बसवलं तर त्यांना डॉक्टर लागेल.

इथे कुणी हललं नाही. एकाने डोळे मिटले. मग दुसऱ्याने मिटले. ओगावा-सान यांच्या चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखी शांती पसरली. टायवालाही प्रसन्न दिसायला लागला. बाहेर कुठेतरी पक्षी बोलत होता, तो ऐकत सगळे छान बसले होते. माझंच ढुंगण खुर्चीत टिकेना. शेवटी चुळबुळलो तो मीच, आणि म्हणालो, "बस, कळलं असेल."

मग मी होशिनोंचे वृत्तान्त वाचले, गोलकीपरची घसरगुंडी वाचली, पेढ्यांची हकिकत सांगितली, हत्तीवर तर एक स्वतंत्र प्रकरणच म्हटलं. आवाज चढला होता. टेबलावर एकदा मूठही आपटली, चहा सांडला तो होशिनोंनी पुसला.

ओगावा-सान माझ्याकडे थोडे गोंधळून, खरं तर थोडे दुखावून, पाहत होते. ते म्हणाले, "मनमोकळ्या बोलण्याबद्दल आम्ही आभारी आहोत." सगळे वाकले. चहा आला. मग जाहीर झालं की नवं पान येत्या सोमवारी सुरू होईल आणि जुनं त्याच दिवशी बंद.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मी मोरीची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली.

"मी एवढा बोललो, त्याचं काय? यांनी चर्चा कधी केली? निर्णय कधी झाला?"

"काल," मोरी म्हणाला. "जेवताना."

"जेवताना?"

"ओगावा-सान मीटिंगमध्ये कधी विचारत नाहीत. आधी एकेकाला वेगळं विचारतात. सगळे झाले होते. दोघे नव्याच्या बाजूने, दोघे जुन्याच्या. काल तुमची पाळी शेवटची होती."

"मग आजची मीटिंग कशाला?"

"आज सगळ्यांनी मिळून बसायचं."

"अरे, मग आधी नाही सांगायचं?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. सिल्व्हासात शेठजी मला घरी जेवायला बोलवायचे, उंधियूं वाढता वाढता विचारायचे, मशीन कसं आहे, लोक कसे आहेत. मी घरी जाऊन विचार करून ठेवायचो, नीट उत्तर द्यायचो. ते काय उगाच विचारायचे?"

"उगाचच विचारायचे, मोरी-सान! अगदी उगाच!"

मोरीचा चेहरा पडला. सहा महिन्यांच्या जेवणांचा हिशेब त्याच्या डोळ्यांपुढून गेला असावा.

मी तसाच ओगावा-सान यांच्याकडे धावलो. म्हटलं, कालचं ‘छान’ खरं नव्हतं, ते जेवणाला होतं, तुमच्या अगत्याला होतं, पानाला नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "काल आपण दोघंच बोलत असल्यासारखं बोललो, तेव्हा आपण खोटं बोललात. आज लोकांसमोर बोललात ते खरं. मग आपल्याकडे खरं नेहमी लोकांसमोरच बोलतात का?"

आमच्याकडे लोकांसमोर काय बोलतात हे त्यांना सांगायला गेलो असतो तर विमान चुकलं असतं. आता सगळ्यांना कळवून झालंय, ते म्हणाले. फिरवलं तर ज्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं त्यांचा अपमान होईल. आणि माझ्यासाठी दार उघडून धरून ते वाकले. असा राग येतो अशा वेळी! भांडायला समोर कुणी उरतच नाही.

होशिनो-सान सायकलींच्या स्टँडपाशी उभ्या होत्या. मी म्हणालो, "मला माफ करा. आणि तुम्ही रागवा हो माझ्यावर! इथे कुणीतरी रागवा."

त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. मग सावकाश, एकेक इंग्रजी शब्द नीट निवडत म्हणाल्या, "ओगावा-सानना मीच सांगितलं होतं की तुम्हाला विचारा. मी म्हटलं, मला माहीत असलेल्या माणसांत गायादानी-सान सगळ्यांत तक्रारखोर. दोन वर्षं त्यांनी एकही गोष्ट चांगली म्हटलेली नाही. ते खरं सांगतील." त्यांनी मफलर घट्ट केला. "तुमच्या तक्रारींवरच माझी सगळी भिस्त होती."

आणि सायकलवर बसून गेल्या. पुढच्या आठवड्यापासून त्या फक्त तिकिटाच्या खिडकीवर बसणार होत्या.

आयुष्यभर मी नको तिथे तक्रारी केल्या. लग्नात जेवणाच्या पंगतीत केल्या, बारशात केल्या, सासऱ्यांच्या तोंडावर केल्या. एकदाच एका बाईला माझ्या तक्रारीची गरज होती, आणि त्या दिवशी मला सभ्यपणा सुचला! परदेशात वाढायचं म्हणून लाखांनी ओतणाऱ्या त्या शहाण्यांना जी एक गोष्ट खरोखर परदेशात वाढली होती तीच उपटताना काही वाटलं नाही, याचा संताप करावा की उपटायला हात मी लावला याचा करावा, हे विमानात मुंबई येईपर्यंत ठरेना.

पुन्हा सिल्व्हासा

शेठनी पहिल्याच दिवशी टोमणा मारला, "गायधनीभाई, मशीन शीखी आव्या के खाली फूटबॉल?" मी म्हटलं, मशीन शिकलो. ते खरं होतं.

हिरामणला आणि मंडळींना सगळं सांगितलं, भोपळ्याच्या भज्यासकट. हिरामण एवढंच म्हणाला, "नवं पान उघडून तं पाहू, साहेब. लिहिलं असेल बी थोडंफार. मॅच व्हती ना शनिवारी."

सोमवारी चहाच्या सुट्टीत सगळे ऑफिसात माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मुंबईचा नंबर लागला, मोडेम तडतडला. पडदा पांढरा. कासव आलं नाही, बॉल आला नाही, संगीताचं तर नावच नको. एकदा लाइन तुटली, पुन्हा लावली. कपातला चहा संपला. मग वरून एक चित्र उतरायला लागलं, ओळ ओळ करत, छपरातून पाणी झिरपावं तसं. आधी काळा पट्टा.

"सात नंबरचे केस," कुणीतरी म्हणालं.

"गोलकीपर असंल."

मग कपाळ आलं. मोठं. मग चष्म्याची वरची कड. चष्मा माझ्या ओळखीचा होता. ओगावा-सानच्या जेवणात क्लबच्या त्या दोघांपैकी एक जण कॅमेरा काढत होता खरा; मी भजं खात होतो, मला काय ठाऊक? मग मिशी उतरली. मग भज्याने फुगलेले गाल आणि त्यांतून कानापर्यंत गेलेलं हसू. आणि सगळ्यांत शेवटी, चित्राखाली, मोठ्या इंग्रजी अक्षरांत : ‘फारच छान! – भारतातील आमचे चाहते.’

लाइन तुटली. मॅचचं काय झालं ते कळलंच नाही.

पडद्यावर मी हसतच होतो. हिरामण पुढे वाकला, काचेजवळ तोंड नेऊन त्याने मला नीट पाहून घेतलं, मग मागे वळून मला पाहिलं.

"ते सगळं जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "पन तुम्ही हसून कशाले राहिले?"